मुलांचा पहिला गेम: स्क्रॅचमध्ये काय करायचे आणि कुठे अडते

आमच्या वर्गांत ८ वर्षांपासूनची मुले गेम बनवायला स्क्रॅच हे प्रोग्रामिंगचे साधन वापरतात. एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेले हे साधन २००७ पासून सर्वांना मोफत मिळते. कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे असतात. ५ ते ७ वर्षांच्या मुलांनी स्क्रॅच ज्युनिअर घ्यावे. त्यातल्या ब्लॉकवर शब्दांऐवजी चित्रे असतात.

पहिल्याच दिवशी दहा लेव्हलचा गेम हवा म्हणणाऱ्या मुलाला नाउमेद करू नका, पण सुरुवात एका सफरचंदापासून होऊ द्या. वरून सफरचंद पडते, खाली वाडगा धरायचा. दोन्ही स्प्राइट, म्हणजे गेममध्ये हलणारी चित्रे, स्क्रॅचच्या संग्रहात आहेत.

आधी स्टेज, म्हणजे गेम दिसतो तो चौकोन, वहीत काढून घ्या. एक्स म्हणजे आडवी जागा, वाय म्हणजे उभी. मधोमध शून्य, डावीकडे एक्स −२४०, उजवीकडे २४०, वर वाय १८०, खाली −१८०.

वाडगा वाय −१४० वर ठेवा. हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली (झेंडा दाबला की गेम सुरू होतो) ‘फॉरएव्हर’, म्हणजे आतले ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणारा ब्लॉक, लावून त्यात वाडग्याचा एक्स माऊसच्या एक्सइतका करा. वाडग्याचे काम एवढेच.

सफरचंदाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याच्या ब्लॉकच्या साखळीत, झेंड्याखाली सर्वांत आधी स्कोअर ० करा. मग वाय १८० आणि एक्स −२२० ते २२० मधला कुठलाही, अशा जागी ते न्या. त्यानंतर ‘फॉरएव्हर’मध्ये वाय −५ ने बदला. त्यातच ‘इफ’ (‘जर’) ब्लॉकने तपासा: वाडग्याला टेकले, तर स्कोअर १ ने वाढवून पुन्हा वर. वाय −१७० पेक्षा कमी झाला, तर नुसतेच वर. स्क्रॅच हा लूप, म्हणजे ‘फॉरएव्हर’मधली फेरी, सेकंदाला साधारण ३० वेळा फिरवतो, त्यामुळे सफरचंद सव्वादोन-अडीच सेकंदांत खाली पोहोचते. फार भरभर वाटले तर −३ करून बघा.

बहुतेक चुका या लूपभोवतीच होतात. ‘इफ’ लूपच्या बाहेर राहिला, की तपासणी झेंडा दाबताच एकदाच होते आणि सफरचंद वाडग्यातून आरपार जाते. पकडल्यावर ते वर पाठवायचे राहिले, तर एकाच सफरचंदाला अनेक गुण मिळतात, कारण प्रत्येक फेरीत ते टेकलेलेच असते. पडण्यासाठी ‘ग्लाइड’ (ठरावीक वेळात सरकवत नेणारा ब्लॉक) वापरला, तर तो संपेपर्यंत त्याच स्क्रिप्टमधली तपासणी थांबून राहते. आणि स्कोअर जुन्याच आकड्यापासून सुरू झाला, तर तो शून्य करणारा ब्लॉक राहून गेलाय. स्क्रॅच तो आपणहून पुसत नाही. अशा वेळी उत्तर लगेच सांगू नका. ‘हा ब्लॉक किती वेळा चालतो?’ एवढेच विचारा, मुले चूक स्वतः शोधतात.

पुष्कळ सफरचंदे हवी असतील, तर क्लोन, म्हणजे गेम चालू असताना होणाऱ्या प्रती, करा. पण मूळ सफरचंद लपवा आणि काम झालेला क्लोन डिलीट करा. ३०० क्लोन झाले, की नवे येणे थांबते आणि स्क्रीनवर तसा संदेशही दिसत नाही.

खाते नसेल, तर ब्राउझर बंद करण्याआधी फाइल कॉम्प्युटरवर सेव्ह करा. खात्यावरून गेम शेअर केला, तर तो कोणीही उघडून आतले ब्लॉक पाहू शकतो. मुलाचा फोटो, शाळेचे नाव किंवा पत्ता त्यात असू देऊ नका.