सुपरहिरो स्वतःचं नाव का पुकारतात?

फेब्रुवारी १९४० मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा अमेरिकेच्या रेडिओवर आला, तेव्हा मालिका करणाऱ्यांपुढे एक अडचण होती. कॉमिकमध्ये निळा पोशाख, लाल केप आणि छातीवरचं चिन्ह दिसलं की वाचकाला सगळं उमगायचं. रेडिओवर दिसणार काय? क्लार्क केंट हा भिडस्त पत्रकार सुपरमॅन कधी झाला, हवेत कधी झेपावला, हे श्रोत्याला कळायला तर हवं. बड कॉलियर या नटाने ते नुसत्या गळ्याने साधलं. 'धिस लुक्स लाइक अ जॉब फॉर सुपरमॅन' हे वाक्य तो क्लार्कच्या हलक्या, चढ्या आवाजात सुरू करायचा आणि शेवटच्या शब्दाला थेट खर्जात उतरायचा. पाठोपाठ 'अप, अप अँड अवे!' आणि वाऱ्याचा घोंघाट. पोशाख बदलला, माणूस बदलला, उड्डाणही झालं, आणि हे सगळं फक्त कानांवाटे.

पुढे टीव्ही आला, सिनेमा आला, सगळं डोळ्यांना दिसू लागलं. तरी ही सवय सुटली नाही. खलनायक बंदूक रोखून उभा आहे आणि आपला नायक छाती काढून नाव सांगतोय, याची लोक थट्टा करतात. मला ती सवय तेवढी खुळी वाटत नाही. नाव पुकारल्याने ऐकणाऱ्यावर परिणाम होतो हे तर आहेच, पण पुकारणाऱ्यावरही होतो, आणि याचा थोडाफार पुरावा आता प्रयोगांमधून मिळाला आहे.

आधी ऐकणाऱ्याकडे पाहू. बुरखा घातला की चेहरा गेला, म्हणजे ओळखीची सगळ्यात मोठी खूण गेली. गढूळ पाण्यातल्या डॉल्फिनची नेमकी हीच अडचण असते. बॉटलनोज जातीचा प्रत्येक डॉल्फिन लहानपणीच स्वतःची एक वेगळी शिट्टी तयार करतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हिन्सेंट जॅनिक आणि सहकाऱ्यांनी या शिट्ट्या संगणकावर नव्याने घडवल्या. त्यातून मूळ प्राण्याच्या आवाजाचा पोत काढून टाकला आणि फक्त चढ-उतारांची चाल ठेवली. तरीही डॉल्फिननी आपल्या नात्यातल्यांची शिट्टी ओळखली. म्हणजे ओळख आवाजात नव्हती, त्या चालीत होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिनच्या दोन टोळ्या समोरासमोर आल्या की एकत्र होण्याआधी अशा शिट्ट्यांची देवाणघेवाण करतात, हेही नोंदलं गेलं आहे. भेट झाली की आधी नाव, मग बाकीचं.

पण नाव कुणीही घेऊ शकतं. वटवाघळाचा पोशाख शिवून घेतला म्हणून कुणी बॅटमॅन होत नाही. इथे स्कॉटलंडच्याच रम बेटावरची लाल हरणं आठवतात. टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी १९७९ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माजावर आलेले दोन नर थेट शिंगाला शिंग भिडवत नाहीत. आधी आळीपाळीने डरकाळ्या फोडतात. मग एकमेकांना समांतर चालतात. त्यावरही निकाल लागला नाही तरच झुंज होते. एकामागून एक डरकाळ्या देणं अतिशय दमवणारं काम असतं, त्यामुळे दुबळ्या नराला ते सोंग फार वेळ वठवता येत नाही. ज्याला ऐकूनच अंदाज येतो तो निघून जातो आणि दोघांचीही हाडं शाबूत राहतात. सुपरहिरोच्या नावामागेही अशीच आधीच्या लढायांची किंमत मोजलेली असते. ते ऐकून चार भुरटे चोर पळाले तर तेवढी मारामारी वाचली.

महाभारतातल्या विराटपर्वात हा पेच फार सुरेख आला आहे. कौरवांचं सैन्य पाहून राजपुत्र उत्तर गर्भगळीत होतो. रथावरची बृहन्नडा सांगते की मी अर्जुन आहे. उत्तर ते लगेच मानत नाही. तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावं ऐकली आहेत, ती सांग, मग विश्वास ठेवीन. अर्जुन दहाही नावं सांगतो, प्रत्येकाचा अर्थ उलगडतो, तेव्हा कुठे उत्तराची भीती जाते. गुप्त रूपातला नायक, नावाची घोषणा आणि नावाची पडताळणी, सगळं तिथे आहे.

जपानमध्ये तर हा सोहळाच असतो. तिथल्या मध्ययुगीन युद्धकथांतले सामुराई लढाईआधी कुळ आणि नाव मोठ्याने सांगतात. त्याला 'नानोरी' म्हणतात. १८६२ मध्ये रंगमंचावर आलेल्या एका काबुकी नाटकात पाच चोर नदीकाठी रांगेत उभे राहून एकेक करून आपली ओळख तालात म्हणतात. १९७५ पासून जपानी टीव्हीवर रंगीबेरंगी पोशाखांतल्या पाच वीरांच्या मालिका सुरू झाल्या. त्यांची नाव सांगण्याची पद्धत पाहिली की ते पाच चोर आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता पुकारणाऱ्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी माणसांच्या दंडाची ताकद मोजली. हात वाकवून जोर लावायचा, मिनिटामिनिटाने, पुन्हा पुन्हा. मधेच पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला की ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसायची. जोर लावताना माणूस स्वतःच ओरडला तर सुमारे १२ टक्क्यांनी. स्नायू तोच, माणूस तोच. त्यांचं म्हणणं असं की आपण 'सगळा जोर लावला' म्हणतो तेव्हाही मेंदू थोडा लगाम खेचून धरतो, आणि आरोळीने तो सैल होतो. रणगर्जना जगभर का आढळतात याचं थोडं उत्तर इथे मिळतं. मावळ्यांची 'हर हर महादेव' आणि आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आपल्याकडची उदाहरणं. या दोन्ही गर्जनांत लढणाऱ्याचं स्वतःचं नाव नाही. ते त्याच्याहून मोठ्याचं नाव आहे, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

का, ते अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगावरून सांगतो. रेचेल व्हाइट, स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर एक मुद्दाम कंटाळवाणं काम दिलं, दहा मिनिटांचं. शेजारी टॅबलेटवर मजेदार खेळ ठेवला. कंटाळा आला तर खेळायची मुभा होती. मात्र काम फार महत्त्वाचं आहे, हेही मुलांना सांगितलं होतं. काही मुलांनी स्वतःला विचारायचं होतं, 'मी मेहनत करतोय का?' काहींनी आपलं नाव घेऊन विचारायचं, म्हणजे अमुक मेहनत करतोय का? उरलेल्यांना बॅटमॅन, बॉब द बिल्डर, रॅपन्झेल किंवा डोरा यांपैकी एक व्हायला सांगितलं. अंगावर तशी एखादी वस्तू चढवायची आणि विचारायचं, 'बॅटमॅन मेहनत करतोय का?'

बहुतेक मुलांचा जास्त वेळ खेळातच गेला, ते साहजिकच आहे. पण कामाला सगळ्यात जास्त चिकटून राहिली ती बॅटमॅन किंवा डोरा झालेली मुलं. त्यांच्या खालोखाल स्वतःचं नाव घेणारी, आणि 'मी' म्हणणारी सगळ्यात मागे. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याला 'बॅटमॅन इफेक्ट' हे नाव पडलं. यावरून मुलांना कायमचं बॅटमॅन करावं असा अर्थ कुणी काढू नये. प्रयोग एका कामाचा आणि दहा मिनिटांचा होता, आणि त्यातला किती गुण नावाचा, किती अंगावरच्या वस्तूचा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. तरी त्या क्रमाची संगती लागते. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःच्या कंटाळ्यात, भीतीत रुतून बसतो. नाव घेतलं की स्वतःकडे जरा लांबून पाहता येतं, आणि नाव एखाद्या शूराचं असेल तर तो काय करेल हेही आपोआप सुचतं. या संशोधकांपैकीच एक असलेल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये मोठ्या माणसांच्या बाबतीतही हेच दाखवलं होतं. भाषणाच्या तयारीत मनातल्या मनात स्वतःला नावाने हाक मारणारे, 'मी, मी' करणाऱ्यांपेक्षा कमी घाबरले आणि बोललेही बरे.

म्हणून बॅटमॅनच्या गोथम शहरातल्या गल्लीत 'मी बॅटमॅन आहे' असं कुणी म्हणतं, तेव्हा ते समोरच्या गुंडाला सांगितलेलं असतं तितकंच बुरख्यामागच्या ब्रूस वेन नावाच्या, आईवडिलांचा खून पाहिलेल्या माणसालाही बजावलेलं असतं.

तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्याला मात्र वेगळं कारण आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना अनोळखी, निरर्थक शब्द कमी-अधिक वेळा दाखवले. जे शब्द जास्त वेळा नजरेखालून गेले त्यांचा अर्थ काहीतरी चांगला असणार, असं लोकांना वाटलं. केवळ ओळखीनेही आवड निर्माण होते. पालुपद दर अंकात, दर भागात भेटतं, आणि मुलं ते घरी घेऊन जातात.

राहता राहिला धोका. होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस एकडोळ्या राक्षसाला 'माझं नाव कुणीच नाही' असं सांगून शिताफीने सुटतो. पण जहाज किनाऱ्यापासून लांब गेल्यावर त्याला राहवत नाही. तो स्वतःचं खरं नाव, बापाचं नाव आणि इथाका हे गाव ओरडून सांगतो. राक्षस त्याच नावाने पोसायडन या समुद्रदेवाकडे शाप मागतो, आणि ओडिसियसचे सगळे सोबती मरतात. क्लार्क केंट आणि ब्रूस वेन यांनी जगात गाजवायला वेगळं नाव ठेवलं, घरचं नाव झाकून ठेवलं, ते याचसाठी. टोनी स्टार्कने ते केलं नाही. 'मी आयर्न मॅन आहे' असं त्याने पत्रकारांसमोर जाहीर करून टाकलं आणि २०१३ च्या चित्रपटात तर कॅमेऱ्यासमोर खलनायकाला घरचा पत्ताही दिला. हेलिकॉप्टरं त्याच पत्त्यावर आली आणि क्षेपणास्त्रांनी ते घर समुद्रात कोसळलं.