विष्ठा, आतडे आणि हरवलेली प्रथिने : डुकराचे पचन मोजण्याची पार्श्वभूमी

वराहपालनात सगळ्यांत जास्त पैसा जातो तो खाद्यावर. त्यामुळे मका, सोयाबीन पेंड किंवा गव्हाचा कोंडा यांतले नेमके किती डुकराच्या अंगी लागते, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे पहिले उत्तर म्हणजे साधी वजाबाकी होती. खाल्ले किती ते मोजायचे, विष्ठेत पडले किती ते मोजायचे आणि फरक ‘पचला’ असे धरायचे. या वजाबाकीवर शंभराहून अधिक वर्षे खाद्याचे तक्ते बनत राहिले. प्रथिनांच्या बाबतीत मात्र ती फसवी होती.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातली. फ्रान्सच्या अल्सास भागात बूसँगो या रसायनशास्त्रज्ञाने आधी गाय आणि मग डुकरे घेऊन आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रव्यांचा ताळेबंद मांडला. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लॉझ आणि गिल्बर्ट यांनी एकाच वेतातली सारख्या वजनाची दोन डुकरे निवडली. एक लगेच कापून त्याच्या शरीराचे पृथक्करण केले. दुसरे खाद्य मोजून देत पोसले आणि नंतर कापले. वाढलेली चरबी खाद्यातल्या तेलापेक्षा कितीतरी जास्त निघाली, म्हणजे ती पिष्टातूनही बनत असली पाहिजे. चरबी कशापासून बनते हा त्या काळचा गाजलेला वाद होता आणि त्यात डुकराची साक्ष वजनदार ठरली.

1860च्या दशकात जर्मनीत ग्यॉटिंगेनजवळच्या वेंडे केंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी खाद्याच्या पृथक्करणाची पद्धत बसवली. पशुखाद्याच्या पोत्यावर आजही जे ‘क्रूड प्रोटीन’ आणि ‘क्रूड फायबर’ छापलेले असते, ते मूळचे तिथले. 1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्डाल याने नायट्रोजन मोजायची सोपी रीत काढली. प्रथिनांत नायट्रोजन असतो, म्हणून त्यानंतर नायट्रोजन मोजा, 6.25ने गुणा आणि प्रथिने म्हणा, असा शिरस्ता पडला. हा गुणाकार सोयीचा होता, पण त्यामुळे नजर नायट्रोजनवरच खिळली. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांचे काय होते, हे विचारायला बराच काळ कोणी थांबले नाही.

प्रत्यक्ष काम मेहनतीचे आणि वासाचे. डुक्कर अरुंद पिंजऱ्यात ठेवतात. खाली जाळी असते. विष्ठा एकीकडे पडते आणि मूत्र दुसरीकडे आम्ल घातलेल्या भांड्यात उतरते. आम्ल नसेल तर अमोनिया उडून जातो आणि हिशेब बिघडतो. नव्या खाद्याची सवय होईपर्यंत काही दिवस जाऊ देतात, मग गोळा करायला सुरुवात. पण कुठली विष्ठा कुठल्या खाद्याची, हे ओळखायचे कसे? त्यासाठी पहिल्या मोजणीच्या खाद्यात लाल फेरिक ऑक्साइड किंवा निळे इंडिगो कार्माइन मिसळतात. रंगीत विष्ठा दिसली की गोळा करायला लागायचे. शेवटी पुन्हा रंग द्यायचा आणि तो दिसला की थांबायचे.

सगळी विष्ठा न गोळा करता काम भागवण्याची युक्ती स्वीडनच्या एडिन याने 1918मध्ये क्रोमिक ऑक्साइड वापरून सुचवली. हा हिरवा पदार्थ पचत नाही आणि शोषलाही जात नाही. समजा एक किलो कोरड्या खाद्यात तो 4 ग्रॅम घातला आणि एक किलो कोरड्या विष्ठेत 16 ग्रॅम सापडला. म्हणजे चार किलो खाद्याची एक किलो विष्ठा झाली. तीन चतुर्थांश पचले. चिमूटभर नमुन्यावर हिशेब होतो. पुढे टायटॅनियम डायऑक्साइडही याच कामाला आले. या युक्तीचे खरे मोल मात्र नंतर कळले, कारण आतड्याच्या मधल्या टप्प्यावरचा सगळा माल गोळा करणे जवळपास अशक्यच असते.

मधल्या टप्प्यावर जायची गरज का पडली? डुकराचे मोठे आतडे जिवाणूंनी गच्च भरलेले असते. लहान आतड्यात न पचलेली प्रथिने तिथे पोचली की जिवाणू अमिनो आम्ले फोडतात. त्यातून सुटलेला अमोनिया रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो. विष्ठेत प्रथिने कमी दिसतात, म्हणून कागदावर ‘पचली’ ठरतात. डुकराला स्नायू बांधायला त्यातले काहीही मिळालेले नसते. वॉर्साजवळच्या याब्वोन्ना इथल्या संस्थेत तेरेसा झेब्रोव्स्का यांनी हे सिद्ध करून दाखवले. 1973मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांनी प्रथिने तोंडावाटे न देता थेट लहान आतड्याच्या शेवटी सोडली. नायट्रोजन शोषला गेला खरा, पण जवळजवळ सगळा मूत्रातून निघून गेला. उलट मिथिओनिनसारखे अमिनो आम्ल जिवाणू कधी कधी स्वतःच बनवतात. मग विष्ठेत ते जास्त दिसते आणि पचन उगाच कमी भासते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच एक प्रयोग असा आहे की ज्याने जुने तक्ते एका झटक्यात संशयास्पद केले.

आता मोजायचे ठिकाण ठरले : लहान आतड्याचा शेवट. तिथे पोचायला शस्त्रक्रिया लागते. 1960च्या दशकापासून नळी बसवण्याचे नाना प्रकार आजमावले गेले. शेवटी टिकला तो साधा टी-आकाराचा कॅन्युला, म्हणजे आतड्यात कायम बसवलेली नळी. मोठे आतडे सुरू होण्याच्या थोडे आधी तो बसवतात, त्याचे तोंड डुकराच्या उजव्या कुशीतून बाहेर येते आणि तिथे प्लास्टिकची पिशवी बांधतात. पिशवी भरली की किंवा अर्धा तास झाला की बदलायची आणि जिवाणू पुढे काम करू नयेत म्हणून लगेच गोठवायची. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात विलेम साउअर यांच्या गटाने या पद्धतीवर भरपूर काम केले. फ्रान्समध्ये काही जणांनी तर लहान आतडे सरळ गुदाशयाला जोडून टाकले. सरकी किंवा मोहरीवर्गीय पेंडीसारख्या कमी दर्जाच्या प्रथिनांत विष्ठेचा आणि आतड्याचा आकडा किती वेगळा येतो, ते यातून उघड झाले.

तरी एक गाठ सुटत नव्हती. आतड्यातल्या मालात सगळे खाद्याचेच नसते; पाचकरस, श्लेष्म आणि गळलेल्या पेशी अशी डुकराची स्वतःची प्रथिनेही असतात. मक्यासारख्या कमी प्रथिनांच्या धान्यात हा वाटा मोठा पडतो आणि धान्य नाहक बदनाम होते. शिवाय असे आकडे मिश्रणात बेरजेला येत नाहीत, आणि खाद्य बनवणाऱ्याला तर बेरीजच हवी असते. म्हणून डुकराला प्रथिनमुक्त खाद्य देऊन त्याची ही किमान गळती मोजायची आणि आकडा दुरुस्त करायचा, असे ठरत गेले. संज्ञांचा गोंधळ बरीच वर्षे चालला. 2007मध्ये श्टाइन, सेव्ह, फुलर, मोघन आणि डी लांगे यांनी व्याख्या एकत्र मांडल्या आणि अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने डुकरांच्या पोषणावरील शिफारशींच्या 2012च्या आवृत्तीत ‘प्रमाणित’, म्हणजे अशी दुरुस्त केलेली, पचनीयता हाच आधार घेतला.

विष्ठा अर्थात पूर्ण मोडीत निघाली नाही. तंतूंपासून मोठ्या आतड्यात बनणारी आम्ले डुकराला ऊर्जा देतात, म्हणून ऊर्जेचा हिशेब शेवटपर्यंतच करावा लागतो. फॉस्फरसही विष्ठेतच मोजतात. नेदरलँड्समध्ये मळातला फॉस्फरस जमीन-पाण्याला जड झाल्यावर 1991मध्ये धान्यातला बांधलेला फॉस्फरस मोकळा करणारे फायटेज हे विकर खाद्यात आले, आणि त्याचा फायदा दाखवायला हीच मोजणी कामी आली.

डुकराचा हा हिशेब पुढे माणसाच्या ताटापर्यंत आला. प्रथिनांचा दर्जा ठरवायला 1990च्या दशकापासून उंदराच्या विष्ठेवरचा निर्देशांक वापरला जात होता. 2011मध्ये ऑकलंडला भरलेल्या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीने लहान आतड्याच्या शेवटी मोजलेल्या अमिनो आम्लांवर आधारलेला नवा निर्देशांक सुचवला. मोजणी शक्यतो माणसात करावी, ते जमत नसेल तर वाढत्या डुकरात आणि त्यानंतर उंदरात, असा क्रमही दिला. डुक्कर सर्वभक्षी आहे, माणसाचे बहुतेक अन्न खाते आणि त्याचे पचन आपल्याशी पुष्कळ जुळते.

आपल्याकडे कडधान्ये हाच अनेकांचा प्रथिनांचा मुख्य आधार, त्यामुळे डाळींचा आकडा काय येतो हे महत्त्वाचे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अनुरा कुरपाड यांच्या गटाने नळी न घालता माणसातच मोजायची वाट काढली. हरभरा आणि मुगाच्या झाडांना जड पाणी (जड हायड्रोजनचे पाणी) देऊन दाण्यांतली प्रथिने खूणगाठ असलेली बनवली, सोबत वेगळ्या खुणेची स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाची प्रथिने खाऊ घातली आणि रक्तात दोन्ही खुणांचे प्रमाण तपासले. साल काढलेल्या मुगाचा आकडा अख्ख्या मुगापेक्षा चांगला आला. अशी मोजणी महाग आणि वेळखाऊ असते. म्हणून ज्या पदार्थांवर ती अजून झालेली नाही, त्यांपैकी बऱ्याच पदार्थांसाठी डुकरांवरचेच आकडे वापरात आहेत.