कशाची वाटी? काशाची!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आईसाठी काशाची वाटी आणली, तूप लावून तळपाय घासायला. आईने नखाने टिचकी मारली, टक् झालं आणि ती म्हणाली, ही पितळेची रे. मग तिची जुनी वाटी वाजवून दाखवली, तो नाद घासाघीस करणाऱ्या विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा लांब चालला :)

तर फरक असा. दोन्हीत तांबं असतंच, पितळेत जोडीला जस्त आणि काशात कथील. चांगल्या काशात साधारण 78 टक्के तांबं, 22 टक्के कथील, म्हणून ते टणक, खणखणीत आणि तितकंच ठिसूळ, हातातून फरशीवर पडलं तर तडकतं. पितळ पडलं की पोचा येतो, बस्स.

नावंही बघा. पितळ आलं संस्कृत पित्तलवरून, त्याचं नातं पीत म्हणजे पिवळा याच्याशी लावतात, थोडक्यात रंगावरून ओळख. त्या रंगामुळेच ते सोन्याचं सोंग घेतं, म्हणून तर पितळ उघडं पडतं, कासं कधी उघडं पडल्याचं कोणी ऐकलंय का? कासं म्हणजे संस्कृत कांस्य आणि ते घडवणारा कांस्यकार म्हणजे आपला कासार, जो पुढे बऱ्याच गावांत बांगड्या भरणाराच होऊन बसला. गंमत म्हणजे ऑलिम्पिक आलं की सगळे कांस्यपदक कांस्यपदक करतात पण तेच आपल्या फळीवरचं कासं हे डोक्यातच येत नाही.

गोव्यात तर हा शब्द दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कानावर आदळतो. आरतीला घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि त्यांच्याबरोबर कासाळें म्हणजे काशाची झांज, नावातच कासं. पितळेची झांज घेऊन बसलात तर घुमटाच्या आवाजात कुठल्या कुठे बुडून जाल. समई मात्र पितळेचीच, तिला काय वाजायचंय, तिने घासल्यावर चकाकायचं.

घंटेचंही तसंच, देवळातली काय नि चर्चमधली काय, मोठी घंटा दिसली की आपण सरसकट पितळेची म्हणून मोकळे होतो, पण मोठ्या घंटा बहुतेक तांबं-कथलाच्या ओतीव असतात, म्हणजे काशाच्याच घरातल्या. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधल्या घंटेला सोनेरी म्हणतात ते आवाजासाठी. आणि 1739 ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत टांगल्या गेल्या, वाईजवळच्या मेणवलीची त्यातलीच.

कथलाचा आणखी एक उद्योग म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्यात आमसुलाची कढी केली तर आंबटाने ती कळकते, म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. कल्हई शब्द अरबीतून आला, आणि तोच पोर्तुगीजांच्या तोंडी कालाईं होऊन बसला, अर्थ तोच, कथील.

ती नवी वाटी आता हळदीकुंकवाला वापरतो, पाय घासायला जुनीच.