ख्मेर आणि लॅटिन: एका ओळीतली जुनी ओढाताण

कंबोडियात दुकानाच्या पाटीवर ख्मेर मजकूर वर आणि मोठा हवा, परभाषा खाली आणि लहान, असा सरकारी दंडक आहे. संगणकावर मात्र वर्षानुवर्षं उलटं चाललं: लॅटिन, म्हणजे इंग्रजीची रोमन लिपी, ऐसपैस आणि ख्मेर तिच्या शेजारी अंग चोरून.

ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून निघाली. ख्मेर भाषेतला, तारीख असलेला सर्वांत जुना शिलालेख इसवी सन ६११चा आहे. छपाईचे खिळे आले ते १८६३नंतर, फ्रेंच अमलात. त्याच अमलात १९४३मध्ये ख्मेर रोमन लिपीत लिहिण्याची टूम निघाली. भिक्खूंनी कडाडून विरोध केला आणि १९४५च्या मार्चमध्ये जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवताच तो फतवा रद्द झाला. दोन लिप्यांचं नातं सुरुवातीपासून बरोबरीचं नव्हतंच.

अडचण खरी उभ्या मापाची. ‘ख्मेर’ हाच शब्द त्या लिपीत पाहा: आधी डावीकडे स्वरचिन्ह, मग ‘ख’, त्याच्या खाली लोंबणारा ‘म’चा पाय आणि शेवटी, आज उच्चारात नसलेला, ‘र’. बऱ्याच व्यंजनांच्या डोक्यावर तुरा असतो. पायाखाली आणखी उकार आला की ओळ खाली दोन मजले उतरते. लॅटिनच्या उंचीत हे बसवायचं तर मूळ अक्षर बारीक करावं लागतं. विंडोजबरोबर आलेला डाउनपेन्ह फॉन्ट, अक्षराच्या मापाचा आकडा तोच ठेवला तरी, लॅटिनपेक्षा कितीतरी लहान दिसतो. ख्मेर ओएस नावाच्या संचातल्या फॉन्टांनी अक्षर मोठं ठेवलं, तर ओळींमधली जागा अवाढव्य झाली.

या फॉन्टांच्या आधी लिमोनसारखे फॉन्ट होते. लॅटिन अक्षरांच्या जागी ख्मेर आकार बसवलेले. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा. श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९९९मध्ये ख्मेर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय संकेतांमध्ये, आली, तीही भारतीय लिप्यांच्या साच्यातून: पाय जोडायला हलन्तासारखं एक अदृश्य चिन्ह. आपल्याला पाय मोडणं शाळेपासून ठाऊक. कंबोडियनांना असं चिन्ह कधी लिहावंच लागलं नव्हतं. कंबोडिया सरकारनं अधिकृत हरकत घेतली, पण साचा बदलला नाही. माझ्या मते ती हरकत रास्त होती. तरी त्याच साच्यावर दान्ह हाँग यांनी ख्मेर ओएसचे मोफत फॉन्ट घडवले आणि गूगल फॉन्ट्सवरचे हनुमान, बात्तामबांगही त्यांचेच.

आता दोन्ही लिप्या एकाच फॉन्टात एकत्र आखतात. तेप सोविचेत यांच्या कांतुमरुय या फॉन्टची पुढची आवृत्ती, कांतुमरुय प्रो, हे त्याचं ठळक उदाहरण: रेघेची जाडी दोन्हींकडे मिळतीजुळती आणि बारीकपासून ठळकपर्यंत सगळी वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार.

तिरप्या अक्षरांचा प्रश्न मात्र मजेदार आहे. लॅटिनमध्ये तिरपं अक्षर जोर द्यायला वापरतात. ख्मेरमध्ये ‘च्रिएंग’ हे तिरपं वळण पूर्वापार साध्या लिखाणाचं, आणि मथळ्याला, देवळाच्या पाटीला ‘मूल’ नावाचं गोलाईदार वळण. म्हणजे लॅटिन इटॅलिकच्या जोडीला ख्मेर नुसती कलती केली, तर जुन्या वाचकाला त्यात जोर दिसेलच असं नाही. कांतुमरुय प्रोमध्ये इटॅलिक आहे. जोर दाखवायला तो वापरायचा, की ‘मूल’ वळणाचा वेगळा फॉन्ट घ्यायचा, हे अजून पान लावणाराच ठरवतो.