लाइम कॉर्डियल आधी औषध होतं

गिमलेट या जिनच्या कॉकटेलसाठी घरी लाइम कॉर्डियल, म्हणजे लाइमच्या रसाचा गोड पाक, करणाऱ्यांची कृती साधारण सारखीच असते. लाइमची (हिरव्या लिंबाची) साल किसून साखरेत मुरवायची, मग रस घालायचा, साखर विरघळली की गाळून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. या कृतीला दोन पूर्वज आहेत. रस आणि साखर जहाजावरून आली, साल पंचच्या (मद्य, आंबट रस आणि साखर यांच्या मिश्र पेयाच्या) भांड्यातून. ही दोन घराणी एकत्र यायला बराच काळ लागला.

जहाजाचं घराणं जुनं. अठराव्या शतकात लांबच्या सफरीवर निघालेल्या ब्रिटिश खलाशांना शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाची, धास्ती जास्त असे. हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, माणूस झिजत जायचा. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावरचे शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला: सायडर, सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, संत्री आणि लेमन (मोठं पिवळं लिंबू), किंवा मसाल्यांची एक लगदी. संत्री-लेमनवाली जोडी काही दिवसांतच सावरली. फळं सहा दिवसांत संपली, पण निकाल स्पष्ट होता.

फळं महिनोन्‌महिने टिकणार कशी, हा पुढचा प्रश्न. लिंड यांनीच रस आटवून घट्ट करण्याचा उपाय सुचवला. आज कळतं की उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणजे रस टिकला, गुण गेला. नौदलाने रोजच्या शिध्यात लेमनचा रस अधिकृतपणे आणला तो १७९५ मध्ये, आणि खलाशांना तो पचवायला फारसं जड गेलं नाही. अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी १७४० मध्येच रममध्ये पाणी घालून वाटण्याची पद्धत सुरू केली होती. त्या ‘ग्रॉग’मध्ये आंबट रस आणि साखर पडली की औषध घशाखाली आपसूक उतरायचं. मद्य, आंबट, गोड आणि पाणी: कॉकटेलचा हा सांगाडा बारटेंडरच्या आधी खलाशांच्या हाती होता, असं म्हणायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात भूमध्य समुद्राकडच्या लेमनची जागा वेस्ट इंडीजच्या लाइमने घेतली. ब्रिटनच्या स्वतःच्या वसाहतींत पिकणारं फळ म्हणून ते सोयीचं होतं. दोन्ही फळांना त्या काळचे लोक बेधडक एकाच नावाने संबोधत, त्यामुळे फरक पडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. फरक मोठा पडला. लाइममध्ये क जीवनसत्त्व लेमनपेक्षा बरंच कमी असतं. त्यात तो रस साठवण्याच्या आणि तांब्याच्या नळ्यांतून नेण्याच्या प्रकाराने उरलंसुरलंही जायचं. १८७५-७६ च्या जॉर्ज नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने स्लेजवरच्या तुकड्यांना गाठलं. त्यांनी रस सोबत नेला नव्हता, असा ठपका चौकशीत आला. पण त्याआधी हिवाळाभर जहाजावर तोच रस ते रोज पीत होते. लेमन आणि लाइम यांतला हा फरक प्रयोगशाळेत सिद्ध झाला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस.

याच गोंधळाच्या काळात कॉर्डियलचा जन्म झाला. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात लॉकलन रोझ यांनी १८६५ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि १८६७ मध्ये अल्कोहोल न वापरता फळांचा रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तोवर रस नासू नये म्हणून त्यात मद्यच मिसळत. त्याच वर्षी ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवरही असा रस ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं. गिऱ्हाईक सरकारनेच आणून दिलं म्हणायचं! गोड केलेला हा बिनमद्याचा रस पुढे जिनच्या जोडीने नावाजला, हा योगायोग मजेशीर आहे.

गिमलेटचं श्रेय नौदलातले डॉक्टर थॉमस गिमलेट यांना देण्याची पद्धत आहे. गोष्ट सांगायला छान, पण तिला त्या काळचा भक्कम आधार नाही. १९२० च्या दशकात मात्र बारच्या पुस्तकांत जिन आणि रोझचं कॉर्डियल अशी जोडी दिसू लागते. रेमंड चँडलर यांच्या १९५३ च्या कादंबरीतलं पात्र तर अर्धी जिन, अर्धा रोझचा रस आणि बाकी काहीही नाही, असा दंडकच घालून देतं.

आता सालीचं घराणं. पंच करताना साखरेचे खडे लेमनच्या सालीवर घासून तिचं तेल साखरेत ओढून घेण्याची रीत जुनी आहे. न्यूयॉर्कचे बारटेंडर जेरी थॉमस यांनी १८६२ मध्ये छापलेल्या कृतींतही ती आहे. लाइमचा गंध मुख्यतः सालीतल्या तेलात असतो. रसात असतं ते आम्ल, बहुतांशी सायट्रिक आणि थोडं मॅलिक. टिकाऊपणासाठी घडवलेल्या बाटलीत हा ताजा गंध टिकणं अवघडच होतं. गेल्या काही दशकांत बारमध्ये ताज्या रसाचा आग्रह वाढला, तेव्हा बारटेंडरांच्या लक्षात आलं की ताजा रस आणि साखर घालून गिमलेट होत नाही. ते पेय चांगलं लागतं, पण त्यात कॉर्डियलचा मुरलेला, किंचित कडसर सूर नसतो. म्हणून साल साखरेत मुरवून मग रस घालण्याची घरगुती पद्धत रुळली. पांढरा भाग मात्र सालीसोबत यायला नको, नाहीतर कडवटपणा उरावर बसतो.

तापवायचं की नाही, यावर अजून एकमत नाही. रस उकळला की जुन्या बाटलीच्या जवळची शिजलेली चव येते. कच्चा ठेवला तर गंध टवटवीत राहतो, पण तो लवकर उतरतो. माझ्या मते उकळी येऊ न देता साखर विरघळण्यापुरतं कोमट करणं पुरे. फ्रिजमध्ये ते काही आठवडे सहज राहतं, आणि घरच्या गिमलेटला तेवढं खूप झालं.