साइटवरच्या गाड्यांचे हायड्रॉलिक ब्रेक : लायनरआधी तेल बघा

लायनर (ब्रेक लावल्यावर घासले जाणारे अस्तर) झिजले की आवाज येतो, म्हणून ते बदलायची आठवण राहते. ब्रेक ऑइल मात्र मुकाट्याने खराब होतं. बॅकहो लोडर, साइट डंपर, टेलिहँडलर यांच्या ब्रेकच्या तक्रारी घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही पहिल्यांदा तेलाच्या टाकीचं झाकण उघडतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी, यासाठी हे पत्रक. (एअर ब्रेकच्या मोठ्या टिपरना यातलं बरंचसं लागू नाही.)

तेल कसं खराब होतं

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरमधलं) तेल पायाचा जोर नळ्यांमधून चाकापर्यंत पोहोचवतं. तेल जवळजवळ दबतच नाही, म्हणून हे जमतं. हवा आणि वाफ मात्र दबतात. नळीत त्यांचा बुडबुडा शिरला की सगळा जोर त्यालाच दाबण्यात जातो आणि पेडल मऊ लागतं.

डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचे ठरलेले दर्जे) ही तेलं ग्लायकोल प्रकारची आहेत आणि ती हवेतला ओलावा शोषतात. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेला डंपर उतारावर ब्रेक दाबत दाबत उतरवला की चाकाजवळचं तेल तापतं, जुनं असेल तर उकळतं, आणि पेडल एकदम तळाला जातं. थोडा वेळ गाडी उभी राहिली की तेल थंड होतं आणि ब्रेक पुन्हा लागतात. चालकाला वाटतं, बरं झालं, आपोआप सुटलं. तसं काही झालेलं नसतं. पुढच्या उतारावर तेच होईल. असं एकदा जरी झालं, तरी गाडी तिथेच थांबवा. आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा.

डॉट तेल साधारणपणे दोन वर्षांत बदलतात. धूळ, चिखल आणि पाण्यात चालणाऱ्या गाडीसाठी आम्ही दर वर्षी बदलायला सांगतो. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी मुदत असेल तर ती पाळा.

कुठलं तेल घालायचं

या बाबतीत आम्ही फार आग्रही आहोत. साइटवरच्या कित्येक यंत्रांत डॉट तेल चालत नाही, ब्रेकसाठी खनिज हायड्रॉलिक तेल लागतं. दोन्ही प्रकारांची रबरी सील वेगळी असतात. डॉट तेलाच्या ब्रेकमध्ये खनिज तेल गेलं की सील फुगतात, आणि उलट केलं तरी सील खराब होतातच. मग नुसतं तेल काढून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात. म्हणून झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेलच घाला. अक्षरं पुसली असतील तर अंदाजाने काही ओतू नका, आम्हाला विचारा. उघडा राहिलेला डबा आणि ब्लीडिंगमध्ये (नळ्यांतली हवा काढताना) निघालेलं तेल पुन्हा वापरू नका. ब्रेकची रबरं डिझेल-पेट्रोलने धुऊ नका.

पातळी उतरली तर

लायनर झिजतात तशी टाकीतली पातळी हळूहळू थोडी उतरते. त्यामुळे पातळी कमी दिसली की आधी लायनर मोजा आणि गळती शोधा, तेल नंतर घाला. चाकाच्या आतल्या बाजूला ओल, होजला चिरा, जोडांवर चिकटलेली ओली धूळ या जागा बघा. झाकण उघडण्याआधी भोवतीची माती पुसा. सिमेंटची राड होजवर आणि जोडांवर वाळू देऊ नका, आणि धुताना पाण्याचा जोराचा फवारा टाकीच्या झाकणावर मारू नका.

पेडल काय सांगतं

मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर बहुधा नळ्यांत हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली सील बघायला हवीत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय किंवा दुसऱ्या बाजूचा कमी.

बॅकहोला डाव्या-उजव्या चाकांची वेगळी पेडलं असतील, तर रस्त्यावर जाताना ती कडीने जोडलीच पाहिजेत. एकच पेडल दाबलं गेलं तर यंत्र गर्रकन वळतं.

हात घालण्याआधी

सपाट जागा, चाकांना अडणी, बकेट जमिनीवर, इंजिन बंद. अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) असलेल्या यंत्रात इंजिन बंद केल्यावरही दाब साठलेला असतो. तो मॅन्युअलप्रमाणे पूर्ण सोडल्याशिवाय एकही नट सैल करू नका. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच खरा.

गाडी आमच्याकडे पाठवताना मॉडेल, शेवटचं तेल कधी आणि कुठलं घातलं, आणि पेडल थंड असताना बिघडतं की तापल्यावर, एवढं चालकाला विचारून कळवा. ब्रेक धरत नसतील तर गाडी चालवत आणू नका. आम्ही साइटवर येतो.