एचआयव्ही घरात कोणाच्या पावलांनी येतो?

‘वस्तीतून रोग समाजात पसरला’ हे वाक्य नव्वदच्या दशकात मुंबईत सर्रास कानावर यायचं. पण कामाठीपुऱ्यातून विषाणू बाहेर नेणारा असतो गिऱ्हाईक, आणि तो त्या वस्तीतला नसतो. तो ‘समाजा’तलाच. संध्याकाळी येतो, रात्री घरी जातो, गणपतीला गावी जातो.

तसा हा विषाणू दुबळाच. उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाकडून स्त्रीला एका असुरक्षित संबंधात लागण होण्याची शक्यता सरासरी १०,००० मध्ये ८ च्या आसपास. स्त्रीकडून पुरुषाला त्याच्या निम्मी. मग साथ पेटली कशी? एक तर ही सरासरी फसवी आहे. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू बेसुमार असतो, आणि गुप्तरोगाच्या जखमा असल्या तर त्याचं काम आणखी सोपं होतं. त्यात जोडीदारांची संख्या सगळ्यांची सारखी नसते. रोज अनेक गिऱ्हाइकं घ्यावी लागणाऱ्या बाईला निरोधचा आग्रह धरता आला नाही (गिऱ्हाईक जादा पैसे पुढे करतं, कोठा चालवणाऱ्या घरवालीला धंदा बुडवायचा नसतो), तर आधी तिला लागण होते, मग तिच्याकडून इतरांना.

पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ दरम्यान आलेल्या, धंदा न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे, सगळ्या विवाहितांचा नाही; तरी पातिव्रत्य हे काही संरक्षण नव्हे, एवढं त्यातून कळायला हरकत नसावी.

बायकोला लागण झाली की साखळी बहुधा तिथेच थांबते. तिच्याकडून पुढे जाईल ती फार तर बाळाला. एका बाधितामागे सरासरी एकापेक्षा कमी नवी लागण होत असेल, तर त्या गटात साथ स्वतःच्या बळावर टिकत नाही; बाहेरून नवे बाधित येत राहावे लागतात. दक्षिण आफ्रिकेत सर्वसामान्य लोकांमध्येच साखळ्या लांबत गेल्या. गरोदर स्त्रियांमधलं प्रमाण १९९० मध्ये १ टक्क्याहून कमी होतं, ते १९९८ मध्ये २२ टक्क्यांच्या वर गेलं. आपल्याकडे तसं झालं नाही. महाराष्ट्रासह दक्षिणेकडच्या राज्यांत १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियांमधलं प्रमाण २००० ते २००४ मध्ये १.७ वरून १.१ टक्क्यावर आलं. धंद्याच्या ठिकाणी वाढलेला निरोधचा वापर, हेच संशोधकांनी त्याचं मुख्य संभाव्य कारण मानलं. म्हणजे साताऱ्यातल्या सुनेचं रक्षण कामाठीपुऱ्यातल्या बाईच्या आग्रहाने झालं. पोलिसांच्या धाडींनी नव्हे. धाड पडली की बायका पांगतात आणि निरोध वाटणारी ताई त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही.

एक अन्याय मात्र अजून चालू आहे. गरोदरपणात तपासणी होते, त्यामुळे घरातला पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट बऱ्याचदा तिचा असतो आणि ‘हिनेच आणलं’ म्हणून सगळे मोकळे होतात. नवऱ्याचं रक्त तपासलेलंच नसतं. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते, गोळ्याही मोफत मिळतात. तिने वेळेत गोळ्या सुरू केल्या, तर बाळाला लागण होण्याची शक्यता, जी एरवी १५ ते ४५ टक्के असते, ५ टक्क्यांच्या खाली येते.